आधी गाणं, मग तत्त्वज्ञ: रॉक गीतांचं तात्त्विक वाचन कसं करावं

रॉक गाण्यांवर तात्त्विक अंगाने लिहिताना बहुतेक वेळा घाई होते. गाणं उदास असलं की ते ‘अस्तित्ववादी’ ठरतं, चिडलेलं असलं की नीत्शे येतो, आणि त्यात स्वप्न किंवा आरसा आला की प्लेटोची गुहा. नाव चिकटवलं की काम झालं असं वाटतं. पण त्यानंतर तेच गाणं पुन्हा लावा. आधी ऐकू न आलेलं काही आता ऐकू येतंय का? येत नसेल, तर आपण गाणं वाचलेलं नाही, त्याला फक्त लेबल लावलंय.

पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या ‘टाइम’ या गाण्याबद्दल मी कितीतरी वर्षं सांगत होतो की रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने आयुष्याच्या तोकडेपणाबद्दल जे लिहिलं तेच इथे गिटारवर आलंय. हे वाचन चुकीचं का होतं, ते गाण्याकडे सावकाश परतल्यावर कळलं. पुढची पद्धत त्या परतण्यातून हाती आली. हेच गाणं शेवटपर्यंत सोबत ठेवतो, इतर गाणी गरजेपुरती येतील.

शब्द खात्रीचे हवेत

जिमी हेन्ड्रिक्सच्या ‘पर्पल हेझ’मध्ये (1967) निवेदक आकाशाचं चुंबन घ्यायला निघतो. हजारो लोकांना मात्र तिथे ‘या माणसाचं चुंबन’ असं ऐकू आलं. अशा चुकीच्या ऐकण्यावर एखादा सिद्धान्त उभा राहिला तर तो पहिल्याच धक्क्याला कोसळेल. म्हणून शब्द अल्बमसोबतच्या छापील पुस्तिकेतून घ्या. ती नसेल तर दोन-तीन ठिकाणचे शब्द ताडून पाहा आणि मग हेडफोन लावून ओळ न् ओळ तपासा. कडव्यांची तोडणी, पुन्हा येणाऱ्या ओळी, मध्येच पुटपुटलेले शब्द, सगळं उतरवा. गायक छापील शब्दांपासून कुठे सरकतो तेही टिपून ठेवा.

प्रत्येक ओळ साध्या मराठीत लिहा

ही पायरी गाळू नका. इंग्रजी गाणं ऐकताना आपल्याला अर्थ कळल्याचा भास होतो, कारण सूर आपल्याला वाहून नेतो. मराठीत लिहायला बसलं की भाषा अडवून प्रश्न विचारते. इंग्रजीतला ‘यू’ म्हणजे तू, तुम्ही की आपण? बोलणारा ‘म्हणालो’ म्हणेल की ‘म्हणाले’? इंग्रजीत हे निर्णय टाळता येतात, मराठीत नाही. आणि गाण्याचं तत्त्वज्ञान बऱ्याचदा नेमकं तिथेच दडलेलं असतं.

‘टाइम’चंच घ्या. 1973च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बममधलं हे गाणं, शब्द बँडमधल्या रॉजर वॉटर्सचे. अल्बम आला तेव्हा वॉटर्स 29 वर्षांचा होता. गाण्यात सांगितलंय ते थोडक्यात असं: कंटाळवाणा दिवस क्षणाक्षणाने सरतो, कुणीतरी वाट दाखवेल म्हणून आपल्याच गावात रेंगाळणं चालू असतं, तरुण आहोत, वेळ भरपूर आहे, मग एके दिवशी कळतं की दहा वर्षं मागे पडली, धाव म्हणून कुणी सांगितलंच नाही, शर्यत सुरू करणारी बंदूक वाजली ती ऐकूच आली नाही.

इथला ‘यू’ मी आधी ‘तू’ असा लिहिला. वाचताना तो उपदेश वाटला, थोरल्याने धाकट्याला सुनावल्यासारखा. मग ‘आपण’ लिहून पाहिलं आणि ओळी जागेवर बसल्या. हा ‘यू’ कुणा एकाचा नाही. ‘माणूस असाच वेळ घालवतो’ यातल्या ‘माणूस’सारखा तो आहे. आणि या संपूर्ण गाण्यात ‘मी’ कधी येतो? त्याला जोडून येणारा ‘ब्रीद’ या अल्बममधल्याच आधीच्या गाण्याचा तुकडा सोडला तर अगदी शेवटच्या ओळीत, एकदाच: वेळ संपली, गाणं संपलं, मला वाटलं होतं अजून काही सांगायचं आहे. मराठीत ही ओळ ‘वाटलं होतं, अजून काही सांगायचं आहे’ अशीही सहज लिहिता येते. पण तसं केलं तर गाण्यातला तो एकुलता एक ‘मी’ गळून जातो. तो ठेवायलाच हवा. कारण पुढे दिसेल.

बोलतंय कोण?

गाण्यातला ‘मी’ म्हणजे गायक नव्हे. कवितेच्या बाबतीत हे आपण सहज मानतो, रॉकच्या बाबतीत विसरतो, कारण समोर घामाने निथळणारा माणूस जीव तोडून गात असतो. रोलिंग स्टोन्सचं ‘सिम्पथी फॉर द डेव्हिल’ (1968) थेट सैतानाच्या तोंडी आहे. तो सभ्य आहे, श्रीमंत आहे, आदबीने ओळख करून देतो आणि इतिहासातल्या हत्याकांडांना आपण हजर होतो असं सांगतो. हा आवाज मिक जॅगरचा मानला तर गाणं निव्वळ खोडसाळ वाटेल. सैतानाचा मानला तर प्रश्न समोर येतो: दुष्टपणा बाहेरून येतो, की खून कुणी केले या प्रश्नाचं उत्तर देताना ‘आपण’ म्हणावं लागतं? गाण्यातच केनेडी बंधूंच्या हत्येबद्दल तसं उत्तर दिलेलं आहे.

बोलणारा बदलला की तेच शब्द दुसरं तत्त्वज्ञान सांगू लागतात. ‘हर्ट’ हे नाइन इंच नेल्सचं 1994चं गाणं. ट्रेंट रेझ्नर तेव्हा तिशीच्या आत होता आणि त्याच्या आवाजात ते स्वतःची किळस आलेल्या तरुणाचं गाणं आहे. 2002 साली जॉनी कॅशने सत्तरीत ते गायलं. त्याने मुकुटाच्या ओळीतला एक शब्द बदलला: मूळचा घाणीचा मुकुट काट्यांचा झाला. काट्यांचा मुकुट म्हटलं की ख्रिस्त आला, यातना आली आणि यातनेला काही अर्थ असू शकतो ही शक्यताही आली. पुढे उभ्या आयुष्याचा पश्चात्ताप आणि मागे उभ्या आयुष्याचा पश्चात्ताप या वेगळ्या गोष्टी आहेत. तेव्हा कुठल्या आवाजातलं गाणं वाचताय, हे वहीत पहिल्याच ओळीत लिहा.

चाल शब्दांना दुजोरा देते की खोडून काढते?

फक्त छापील शब्दांवर विसंबलात तर अर्धंच गाणं हाती येईल. ‘द पोलीस’चं ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ (1983) लोक लग्नात लावतात. शब्द वाचा: तुझा प्रत्येक श्वास, प्रत्येक पाऊल, मी बघत असेन. ही पाळत आहे, आणि स्टिंगनेही या गाण्यातल्या काळ्या बाजूबद्दल सांगितलेलं आहे. पण ‘लोकांना अर्थच कळला नाही’ एवढ्यावर थांबणं मला पटत नाही. चाल खरोखरच गोड आहे. पाळत प्रेमासारखी ऐकू येते, आणि जिच्यावर नजर आहे तिलाही ती काही काळ तशीच वाटू शकते. नजरेतून चालणाऱ्या सत्तेबद्दल मिशेल फुको वाचायचा तर या गोडव्यासकट वाचावा.

याच्या उलट खेळ ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’मध्ये (1984) आहे. कडव्यांमध्ये व्हिएतनामहून परतलेला, काम न मिळालेला, कुठेच जाता न येणारा माणूस आहे. कोरसमध्ये मूठ आवळून म्हणावी अशी घोषणा. त्याच वर्षी रोनाल्ड रेगन यांनी प्रचाराच्या भाषणात स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेच्या संदेशाचा उल्लेख केला. 1982 साली स्प्रिंगस्टीनने हेच गाणं एकट्याने, साध्या गिटारवर ध्वनिमुद्रित केलं होतं. ते 1998मध्ये प्रसिद्ध झालं. दोन्ही लागोपाठ ऐका. एकट्या गिटारवर ‘मी इथे जन्मलो’ ही तक्रार आहे. ढोल आणि सिंथेसायझरच्या गजरात ती तक्रारही राहते आणि हक्काचा दावाही होतो. या दोहोंत कुठलं खरं, यापेक्षा एकाच वाक्यात दोन्ही कसं मावतं हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

‘टाइम’ सुरू होतं घड्याळांच्या एकदम झालेल्या गजराने. ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्सने घड्याळांच्या दुकानात एकेका घड्याळाचा आवाज वेगवेगळा मुद्रित केला होता. त्यानंतर टिकटिक, बँडचा ढोलवादक निक मेसन याचे रोटोटॉम (सुरात लावता येणारे ढोल), आणि पहिला शब्द यायला दोन मिनिटांहून जास्त वेळ जातो. वेळ वाया घालवण्याबद्दलचं गाणं आपल्याला आधी थांबवून ठेवतं. बंदूक चुकल्याची ओळ संपते आणि शब्द थांबून गिटारचा सोलो सुरू होतो. धावायला उशीर झालेल्या माणसासारखा तो सुटतो. हे कागदावर कुठेच नाही.

सहा खुणांनी तात्पर्य शोधा

आता खरं काम. ग्रंथाचं तात्पर्य ठरवायला मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या जुन्या पंडितांनी, सहा खुणा सांगितल्या आहेत: उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या सुरुवातीलाच हा श्लोक देऊन गीतेचं तात्पर्य त्या कसोटीवर तपासलं. रॉक गाण्याला ही कसोटी चपखल बसते. मला तरी यापेक्षा हाताशी धरायला सोपं साधन सापडलेलं नाही.

उपक्रम आणि उपसंहार म्हणजे सुरुवात आणि शेवट एकमेकांसमोर ठेवणं. ‘टाइम’ची सुरुवात गजराने, म्हणजे ‘ऊठ’ म्हणणाऱ्या आवाजाने. शेवट न सांगितलेल्या गोष्टीने. जाग येण्याची हाक आणि बोलायचं राहून जाणं, या दोन टोकांमध्ये गाणं ताणलेलं आहे.

अभ्यास म्हणजे पुनरुक्ती. इथे इतर गाण्यांमध्ये कोरस धरायचा असतो: काय पुन्हा येतं, आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ तोच राहतो का? ‘टाइम’मध्ये मात्र शब्दांचा कोरसच नाही. चाल परत येते, ओळ परत येत नाही. गेलेला वेळ परत येत नाही हे सांगायला याहून सरळ रचना मला सुचत नाही. पुन्हा येतं ते एकच क्रियापद, धावणं. तेही सूर्याला गाठण्यासाठी.

अपूर्वता म्हणजे इतरत्र न मिळणारं, याच गाण्याने सांगितलेलं. वेळ मौल्यवान आहे हे शाळेच्या भिंतीवरही लिहिलेलं असतं, तेव्हा ते या गाण्याचं तात्पर्य असू शकत नाही. इथे नवीन काय? सुरुवात झाली हे कुणी सांगत नाही, ही गोष्ट. आयुष्य अजून सुरू व्हायचंय असं वाटत असतानाच ते चालू असतं.

फल म्हणजे ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडतं. उपाय पडत नाही. दम कमी झालाय आणि मरण एका दिवसाने जवळ आलंय, एवढंच.

अर्थवाद म्हणजे ठसवण्यासाठी केलेली अतिशयोक्ती. सूर्यामागे धावण्याची प्रतिमा इथे येते. अशा ओळीतून सिद्धान्त काढायचा नसतो, ती कशावर भर देतेय ते पाहायचं असतं. आणि उपपत्ती म्हणजे युक्तिवाद. गाण्यातही युक्तिवाद असतो. इथला असा: सूर्य मागून फिरून पुन्हा उगवतो, तो तसा तोच आहे, तू मात्र म्हातारा झालास. निसर्गाचा काळ चक्राकार, माणसाचा एकरेषीय. दोन्ही एकाच आकाशाखाली चालतात, म्हणून फसगत होते.

सहाही खुणा प्रत्येक गाण्यात सापडतील असं नाही. तीन सापडल्या तरी पुष्कळ झालं.

प्रश्न एका वाक्यात मांडा

कुठल्याही तत्त्वज्ञाचं नाव न घेता, गाणं कुठला प्रश्न विचारतंय ते एका वाक्यात लिहा. ‘काळ’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘टाइम’साठी माझं वाक्य असं आहे: आयुष्य सुरू झाल्याचं कुणी सांगणारच नसेल, तर ते माझं आहे हे मला कळणार कधी? वाक्य जमेपर्यंत पुढे जाऊ नका. माझे यात कधी कधी आठ-आठ दिवस जातात.

आता तत्त्वज्ञांना बोलवा, एकाला नाही

एकच तत्त्वज्ञ बोलावला की तो गाण्याचा मालक होतो. दोघे-तिघे असले की तुलना करता येते. प्रत्येकाला दोन प्रश्न विचारा: तू गाण्यातली कुठली जागा उघडतोस, आणि कुठे अडतोस?

सेनेका म्हणतो, आयुष्य तोकडं नाही, आपण ते उधळतो. पहिली कडवी तो चोख उघडतो. पण सेनेकाजवळ उपाय आहे. वेळ कसा राखावा हे तो पाउलिनसला, म्हणजे ज्याला उद्देशून लिहितोय त्याला, सांगतो. गाण्याजवळ उपाय नाही. फल या खुणेवर सेनेका अडतो. माझं जुनं वाचन इथेच मोडलं.

फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँने 1889 साली घड्याळाचा मोजलेला काळ आणि जाणिवेत वाहणारा काळ यांत फरक केला. त्याच्यामुळे आवाज उघडतो: सारखी टिकटिक, ताणलेली सुरुवात, आणि पुढे प्रत्येक वर्ष आखूड होत जाण्याची तक्रार. घड्याळाचं वर्ष आखूड होत नाही, जगलेलं होतं. मरणाबद्दल मात्र तो इथे फारसं बोलत नाही.

हायडेगर (1927) सांगतो की आपण बहुतेक काळ ‘लोक’ म्हणून जगतो: लोक करतात तसं करतो, लोक थांबतात तिथे थांबतो, आणि मरण माझ्या वाटचं दुसरं कुणी मरू शकत नाही हे उमगलं की ‘मी’ समोर येतो. आता तो ‘आपण’ आणि शेवटच्या ओळीतला एकुलता ‘मी’ आठवा. मरण जवळ आल्याची ओळ आधी, ‘मी’ नंतर. सर्वनामांचा हा प्रवास हायडेगरशिवाय मला दिसला नसता. पण तोही शेवटी अडतो. त्याच्याकडे ‘मी’ निर्धाराने उभा राहतो. इथे ‘मी’ प्रकटतो तो बोलायचं राहून गेल्याची कबुली देत, आणि लगेच ‘ब्रीद’ची चाल परत येते: घरी यायचं, शेकोटीशी हाडं गरम करायची, दूर देवळातल्या घंटेने भाविकांना गुडघ्यावर बसवायचं. हा निर्धार नव्हे, थकून घरी येणं आहे. तत्त्वज्ञ जिथे अडतो तिथे गाणं त्याला उत्तर देत असतं. ती जागा सापडली की लेख तिथून लिहायला घ्या.

सारखी दिसणारी वाक्यंही अशीच तपासावी लागतात. ‘रश’ या बँडच्या ‘फ्रीविल’मध्ये (1980) गीतकार नील पिअर्ट म्हणतो की निर्णय न घेणं ही देखील निवडच आहे. सार्त्रने 1945च्या व्याख्यानात हेच म्हटलं, म्हणून गाणं सार्त्रचं असं लिहून मोकळे होणारे पुष्कळ. पण 1896 साली विल्यम जेम्सनेही हेच म्हटलेलं आहे, आणि ते पुराव्याअभावीही श्रद्धा ठेवण्याचा हक्क आहे हे मांडताना. पिअर्टचं गाणं तर दैव आणि अदृश्य शक्तींवर हवाला ठेवणाऱ्यांच्या विरोधात आहे. एकच वाक्य, आणि दोन उलट कामांना जुंपलेलं. म्हणून वाक्य काय म्हणतं यासोबत ते गाण्यात कुठलं काम करतंय हे विचारा.

गीतकाराच्या खुलाशाचं काय करायचं?

मुलाखती शेवटी वाचा. आधी वाचल्या तर आपलं ऐकणं थांबतं. विम्झट आणि बीर्ड्स्ली या अभ्यासकांनी 1946 साली म्हटलं की कवीचा हेतू हा अर्थाचा मापदंड नाही. रोलाँ बार्थने 1967 साली लेखक मेला असंच जाहीर केलं. मी इतका टोकाला जात नाही. गीतकार हा माहितगार साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही.

संदर्भ मात्र वेगळी गोष्ट आहे, तो टाळता येत नाही. ‘द क्युअर’ या बँडचं पहिलं एकल गाणं ‘किलिंग अ‍ॅन अरब’ (1978) फ्रेंच लेखक आल्बेर कामूच्या 1942च्या कादंबरीतल्या, समुद्रकिनाऱ्यावरच्या उन्हातल्या खुनाच्या प्रसंगावर बेतलेलं आहे. कादंबरी माहीत नसलेल्यांनी ते वंशद्वेषाचं गाणं म्हणून वापरलं. 1986च्या संकलनावर अशा वापराविरुद्ध सूचना देणारी चिकटपट्टी लावावी लागली. संदर्भ कळला की निवेदकाची बधिरता दिसते. तरीही एक प्रश्न उरतो: ज्याला मारलं त्याला कादंबरीत नाव नाही, गाण्यातही नाही. कामू माहीत असल्याने हा प्रश्न मिटत नाही, उलट टोकदार होतो. तो लेखात येऊ द्या.

गाणं अर्थ नाकारत असेल तर

1967 साली जॉन लेननला त्याच्या जुन्या शाळेतल्या एका मुलाचं पत्र आलं: आमचे शिक्षक वर्गात बीटल्सच्या गाण्यांचे अर्थ लावतात. लेननने ‘आय अ‍ॅम द वॉलरस’मध्ये मुद्दाम असे शब्द घातले की अर्थ लावणाऱ्यांची दमछाक व्हावी. अशा गाण्यात एकेका प्रतिमेचा अर्थ पिळून काढू नका. सहा खुणांपैकी फक्त फल ही खूण घ्या आणि एवढंच पाहा की वाक्यरचना शाबूत असताना अर्थ निसटतो तेव्हा आपल्या मनात काय घडतं. पहिल्याच ओळीत मी, तो, तू आणि आपण एकमेकांत मिसळून टाकलेले आहेत. ती ओळ मराठीत लिहायला घ्या, सर्वनामं तशीच ठेवून, आणि कुठल्या शब्दापाशी हात थांबतो ते वहीत नोंदवा.